मंजुश्रीचं बिऱ्हाड वूताईवर कसं गेलं

काठमांडूच्या दक्षिणेला चोभार नावाची एक अरुंद घळ आहे. बागमती नदी तिथूनच खोऱ्याबाहेर पडते. घळ इतकी सरळ चिरलेली दिसते की कुणीतरी मुद्दाम कापली असावी असं वाटतं. नेपाळमध्ये गोष्ट सांगतात तीही तशीच. पूर्वी सगळं काठमांडू खोरं म्हणजे एक भलंमोठं तळं होतं. तळ्यात एक कमळ होतं आणि कमळावर स्वयंभू ज्योत तेवत होती. तिच्या दर्शनाला मंजुश्री आले. त्यांनी तलवारीच्या एका घावाने डोंगर कापला, पाणी वाहून गेलं आणि माणसांना राहायला जागा झाली.

मंजुश्री आले कुठून? नाव चोख संस्कृत, बौद्ध परंपरेत ते प्रज्ञेचे बोधिसत्त्व. एका हातात अज्ञान छाटणारी तलवार, दुसरीकडे ग्रंथ, बसायला सिंह. आपल्याला वाटेल, मगधातून आले असणार. पण स्वयंभू पुराण हा नेपाळमधला बौद्ध ग्रंथ सांगतो की ते महाचीन देशातून आले, तिथल्या पंचशीर्ष पर्वतावरून.

हा पंचशीर्ष पर्वत खराच आहे. त्याचं चिनी नाव वूताई शान. ‘वू’ म्हणजे पाच, ‘ताई’ म्हणजे चौथरा, ‘शान’ म्हणजे डोंगर. बीजिंगच्या नैर्ऋत्येला, शानशी प्रांतात तो आहे. एका भारतीय बोधिसत्त्वाचं घर तिथे कसं झालं आणि मग त्या घरावर हक्क सांगायला कोण कोण आलं, हे कळलं तर चीनमधला धर्म आणि राजकारण एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते बरंच उलगडतं. म्हणून जरा सावकाश सांगतो.

थंडगार डोंगर आणि चोरीला गेलेला दगड

वूताईची पाच शिखरं टोकदार नाहीत. वरून सपाट, गवताळ, चौथऱ्यासारखी आहेत. चार दिशांना चार आणि मध्ये एक. सगळ्यांत उंच आहे ते उत्तरेचं, ३,०६१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीला थोडंच कमी. त्याला ‘उत्तर चीनचं छप्पर’ म्हणतात. मधल्या खोलगट भागात थाईहुआई नावाचं गाव आणि त्याच्या आजूबाजूला मंदिरं. उन्हाळ्यातही इथे गारठा असतो. म्हणून या डोंगराचं दुसरं नाव छिंगल्यांग शान, शीतल पर्वत.

हा गारठा आला कुठून, याची तिथली लोककथा फार गोड आहे. पूर्वी म्हणे हा मुलूख तापलेला, रखरखीत होता. मंजुश्रींना लोकांची दया आली. पूर्व समुद्राच्या नागराजाकडे (चिनी लोकांचा नाग म्हणजे ड्रॅगन, पाऊसपाण्याचा धनी) एक थंड शिळा होती. पाऊस पाडून दमलेले त्याचे मुलगे तिच्यावर लोळून अंग निववायचे. मंजुश्री म्हाताऱ्या भिक्षूच्या वेशात गेले आणि शिळा मागितली. एवढा मोठा धोंडा हा म्हातारा कसा उचलणार, म्हणून नागराजा खुशाल ‘ने’ म्हणाला. मंजुश्रींनी ती शिळा सुपारीएवढी केली, बाहीत टाकली आणि चालू लागले. दमून घरी आलेल्या मुलांना शिळा दिसेना. ती चवताळून पाठलागावर निघाली आणि रागाच्या भरात त्यांनी पाचही शिखरांची टोकं खरवडून काढली. शिखरं सपाट का, तर म्हणून. ती शिळा आजही छिंगल्यांग मंदिराच्या अंगणात दाखवतात.

गोष्ट गोष्टीच्या जागी, पण तिच्यात एक खरी खूण दडलेली आहे. मंजुश्री येण्याआधी या डोंगराला दुसरे मालक होते. ताओपंथी लोक या डोंगराला सिद्धपुरुषांचं स्थान मानत, आणि पाण्याच्या देवता तर सगळीकडेच होत्या. बौद्ध लोक आले ते नंतर. हे नागाचं कुटुंब लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा भेटणार आहे.

ग्रंथातला एक पत्ता

चीनमधल्या बौद्धांची एक मोठी अडचण होती. बुद्ध जन्मले लुंबिनीत, त्यांना ज्ञान झालं बोधगयेत, पहिलं प्रवचन सारनाथला, महापरिनिर्वाण कुशीनगरला. पवित्र म्हणावी अशी प्रत्येक जागा हजारो कोसांवर, वाळवंट आणि हिमालयाच्या पलीकडे. चिनी भाविकाच्या वाट्याला ग्रंथ आले होते, भूमी आली नव्हती. आपण धर्माच्या पार कडेला राहतो, ही खंत त्या काळच्या चिनी भिक्षूंच्या लिखाणात सारखी जाणवते.

उत्तर सापडलं एका ग्रंथात. इ. स. ४१८ ते ४२० या काळात बुद्धभद्र नावाच्या भारतीय भिक्षूने अवतंसक सूत्राचा चिनी अनुवाद केला. या प्रचंड सूत्रात कुठले बोधिसत्त्व कुठे राहतात याची एक यादी आहे. त्यात येतं की ईशान्येला शीतल नावाचा पर्वत आहे, सध्या तिथे मंजुश्री दहा हजार बोधिसत्त्वांसह राहतात आणि धर्म सांगतात. एवढंच. देशाचं नाव नाही, खाणाखुणा नाहीत.

पण भारतातून ईशान्येला पाहिलं की येतो तो चीन. आणि चीनमध्ये ‘शीतल’ म्हणावा असा, बारा महिने गार असणारा डोंगर होताच. लोकांनी दोन टोकं जोडली. पुढे आठव्या शतकाच्या सुरुवातीला बोधिरुची या दक्षिण भारतीय भिक्षूने अनुवादलेल्या एका सूत्रात तर महाचीन देश आणि पाच शिखरांचा पर्वत असा नेमका उल्लेख आला. पत्ता पक्का झाला.

या पत्त्यातला ‘सध्या’ हा शब्द मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बोधगयेत बुद्ध होऊन गेले, तिथे आठवण आहे. वूताईवर मंजुश्री आहेत, आज, आत्ता. कुठल्याही वळणावर भेटतील. चिनी बौद्धांना नुसतं एक तीर्थ मिळालं असं नाही, ज्याच्या घरी जाऊन दार ठोठावावं असा हयात यजमान मिळाला.

आणि मग उलटी वाट सुरू झाली. भारतातून लोक दर्शनाला चीनमध्ये येऊ लागले.

त्यातली बुद्धपालीची कथा सांगायलाच हवी. काश्मीरकडचा हा भिक्षू इ. स. ६७६ मध्ये वूताईवर पोचला. कथा अशी की पर्वतासमोर त्याने साष्टांग घातला, डोळ्यांतून पाणी आलं, मान वर केली तर समोर एक म्हातारा उभा. त्याने विचारलं, “उष्णीषविजया धारणी आणलीस का?” धारणी म्हणजे पठणाचा मंत्र, आणि ही धारणी पापं धुऊन काढणारी, दुर्गतीतून सोडवणारी म्हणून प्रसिद्ध. बुद्धपाली म्हणाला, “नाही आणली.” म्हातारा म्हणाला, “मग रिकाम्या हाताने येऊन काय उपयोग? जा, घेऊन ये. मग मंजुश्री कुठे आहेत ते सांगतो.” बुद्धपाली नमस्कारासाठी वाकला, उठून पाहतो तर म्हातारा नाही. तो सगळी वाट तुडवत परत गेला आणि ६८३ मध्ये ग्रंथ घेऊन पुन्हा चीनला आला. राजधानीत अनुवाद करून दिला, मूळ पोथी घेऊन वूताईवर चढला, तिथल्या वज्र गुहेत शिरला आणि पुन्हा बाहेर आला नाही.

त्या धारणीचं पुढे चीनभर पेव फुटलं. दगडी खांबांवर ती कोरून मंदिरांच्या अंगणात, रस्त्यांच्या कडेला उभी करू लागले, कारण अशा खांबाची सावली पडली तरी पाप जातं अशी श्रद्धा होती. ७७६ मध्ये सम्राटाने हुकूमच काढला की राज्यातल्या प्रत्येक भिक्षू-भिक्षुणीने ती रोज २१ वेळा म्हणावी. अशाच एका खांबाने पुढे ११०० वर्षांनी एक मोठं कोडं सोडवलं. त्याच्याकडे येतोच.

सम्राटांना मंजुश्री का हवे होते

सम्राट धार्मिक होते म्हणून, हे उत्तर खरं आहे पण अपुरं आहे. चीनचा सम्राट स्वतःला स्वर्गपुत्र म्हणवायचा. आपल्या राज्यात एक हयात बोधिसत्त्व राहतो, या गोष्टीने त्याच्या राज्याचं वजन वाढत होतं. ७५५ ते ७६३ या वर्षांत आन लुशान या सेनापतीच्या बंडाने तेव्हाच्या थांग घराण्याचं साम्राज्य मुळापासून हललं. त्यानंतरच्या घाबरलेल्या दरबारात अमोघवज्र या तांत्रिक आचार्याचा शब्द चालत होता. त्याने मंजुश्रींना राज्याचे रक्षणकर्ते म्हणून पुढे आणलं. वूताईवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या कौलांचं सुवर्णमंडप मंदिर उभं राहिलं आणि ७७२ मध्ये देशातल्या सगळ्या मठांनी मंजुश्रींचं दालन बांधावं असा आदेश निघाला.

पण डोंगरावर रोजचं जगणं कसं होतं? ते कळतं एन्निन या जपानी भिक्षूच्या रोजनिशीतून. तो ८४० मध्ये तिथे पोचला. तो लिहितो, इथे आल्यावर कुणालाच क्षुद्र लेखावंसं वाटत नाही. समोर गाढव आलं तरी हे मंजुश्री तर नसतील, अशी शंका येते.

त्यानेच एक ऐकलेली कथा नोंदवली आहे. एका मठात मोठं अन्नदान चाललं होतं. भिकाऱ्यांच्या पंगतीत एक गरोदर बाई होती. आपला वाटा घेऊन ती म्हणाली, पोटातल्या बाळाचाही वाटा द्या. यजमान चिडला. बाळ अजून जन्मलेलं नाही, त्याला कसला वाटा? बाई म्हणाली, बाळाला मिळत नसेल तर मलाही नको. ती उठली आणि दाराबाहेर पाऊल टाकताच सोनेरी सिंहावर बसलेले मंजुश्री झाली. तेव्हापासून, एन्निन सांगतो, वूताईवरच्या अन्नदानात भिक्षू असो की संसारी, बाई असो की पुरुष, थोर असो की भिकारी, सगळ्यांना सारखं वाढतात. सत्तेच्या इतक्या जवळ गेलेल्या डोंगराने ही एक रीत सांभाळली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एन्निन चीनमध्ये असतानाच ८४५ मध्ये सम्राट वूझोंगने बौद्ध धर्मावर घाला घातला. सरकारी आकड्यांप्रमाणे ४,६०० हून जास्त मठ पाडले गेले आणि २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना सक्तीने संसारी केलं. कारण बरंचसं पैशाचं होतं. मठांची जमीन आणि माणसं करातून सुटलेली होती, मूर्तींमध्ये तांबं अडकलेलं होतं. वूताईवरची मंदिरंही गेली. पुढच्याच सम्राटाने धोरण फिरवलं आणि बांधकाम पुन्हा सुरू झालं.

दरम्यान, ज्यांना वूताईवर येणं जमत नव्हतं त्यांनी आपापल्या देशात वूताई तयार केले. कोरियातला ओदेसान म्हणजे अक्षरशः तेच नाव, कोरियन उच्चारात. वायव्येकडच्या तांगुत लोकांच्या राजाने १०३८ मध्ये चीनच्या सोंग घराण्याच्या दरबाराकडे परवानगी मागितली की आमच्या दूतांना वूताईवर दानधर्म करायला जाऊ द्या. सोंगांच्या इतिहासात नोंद आहे की त्याला खरं म्हणजे लष्करासाठी वाटा हेरायच्या होत्या. मग तांगुतांनी हेलान डोंगरात स्वतःचा वूताई उभारला. आणि वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या ६१ क्रमांकाच्या लेण्यात दहाव्या शतकात एक भिंतभर चित्र काढलं गेलं, सुमारे १३ मीटर रुंदीचं. त्यात अख्खा वूताई आहे. शिखरं, मठ, पूल, धर्मशाळा, सामान लादलेले उंट-गाढवं, चढणारे यात्रेकरू. ज्याला प्रत्यक्ष जाता येत नाही त्याने भिंतीसमोर उभं राहून यात्रा करावी.

तिबेटी, मंगोल, मांचू

तेराव्या शतकात मंगोलांनी चीन जिंकला आणि त्यांच्याबरोबर तिबेटी बौद्ध धर्म वूताईवर आला. कुब्लाई खानाचा गुरू फाग्पा १२५७ मध्ये इथे येऊन गेला होता. थाईहुआईत आज सगळीकडून दिसणारा, पन्नास मीटरहून उंच पांढरा स्तूप मुळात अरनिको या नेपाळी कलाकाराने चौदाव्या शतकाच्या तोंडाशी बांधला. मंगोलांनंतर आलेल्या मिंग घराण्याच्या काळात त्याची पुन्हा उभारणी झाली. पंधराव्या शतकात पूर्व भारतातून आलेल्या शारिपुत्र नावाच्या पंडिताच्या अस्थीही वूताईवरच्या युआनझाओ मंदिराच्या स्तूपात आहेत.

तिबेटी लोक डोंगराला ‘रिवो त्सेन्गा’ म्हणतात, अर्थ तोच, पाच शिखरांचा पर्वत. त्यामुळे वूताईवर एक गोष्ट घडली जी चीनमध्ये फारशी कुठे दिसत नाही. करड्या कफनीतले चिनी भिक्षू आणि तांबड्या वस्त्रातले लामा एकाच डोंगरावर, शेजारी शेजारी राहू लागले.

मिंगांनंतरच्या छिंग घराण्याने या शेजाराचा पुरेपूर वापर केला. हे सम्राट मांचू होते, चिनी लोकांच्या दृष्टीने परके. त्यांना एकाच वेळी चिनी, मंगोल आणि तिबेटी अशा तिघांवर राज्य करायचं होतं. चिनी माणसाला कन्फ्यूशियसचं नाव पुरे. मंगोल आणि तिबेटी माणसाला काय सांगायचं? तर, आमचा सम्राट म्हणजे मंजुश्रींचा अवतार. दलाई लामांच्या पत्रांत सम्राटाला ‘मंजुश्री महाराज’ अशा अर्थाचं संबोधन असायचं. ‘मांचू’ आणि ‘मंजू’ या नावांचा सारखेपणा दरबाराच्या पथ्यावर पडला आणि छ्येनलोंग सम्राटाच्या काळात हे नातं ग्रंथातही नोंदलं गेलं. अशा सम्राटाच्या दृष्टीने वूताईला जाणं म्हणजे स्वतःच्याच घरी जाणं. कांगशी सम्राट पाच वेळा गेला, छ्येनलोंग सहा वेळा. सम्राटाचा तळ उतरत असे पूसा दिंगवर, १०८ पायऱ्यांच्या वरच्या मठात. त्याला राजवाड्यासारखी पिवळी कौलं मिळाली. छ्येनलोंगचा गुरू रोलपे दोर्जे कित्येक उन्हाळे इथेच राहिला आणि १७८६ मध्ये इथेच वारला. मंगोल लोक तर आपल्या आईवडिलांच्या अस्थी शेकडो कोस वाहून आणत आणि वूताईच्या मातीत पुरत.

हे सगळं नुसतं सोंग होतं का? मला तसं वाटत नाही. छ्येनलोंग तिबेटी शिकला होता, त्याने रीतसर दीक्षा घेतली होती. श्रद्धा आणि राज्य चालवण्याची अक्कल एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, आणि वूताई हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

या राजकीय खेळाचा शेवटचा मोठा अंक १९०८ मध्ये झाला. १९०४ मध्ये हिंदुस्थानातून ब्रिटिश फौज ल्हासात घुसली तेव्हा १३वे दलाई लामा मंगोलियाकडे निसटले होते. बीजिंगला जाण्याआधी ते काही महिने वूताईवर राहिले, पूसा दिंग मठात. छिंग दरबार डबघाईला आलेला. अशा वेळी परक्या देशांचे लोक डोंगर चढून त्यांना भेटायला येऊ लागले. अमेरिकेचा राजदूत रॉकहिल आला. तो तिबेटी जाणणारा होता. जपानी भिक्षू आले. रशियन सैन्यात असलेला, हेरगिरीच्या मोहिमेवर निघालेला मॅनरहाइम आला, जो पुढे फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने दलाई लामांना स्वतःचं पिस्तूल भेट दिलं आणि त्यात गोळ्या कशा भरायच्या तेही दाखवलं. प्रज्ञेच्या बोधिसत्त्वाच्या अंगणात धर्मगुरूच्या हाती पिस्तूल. तिबेट किती एकटा पडला होता, हे कळायला याहून वेगळं चित्र लागत नाही.

तुळईवरची शाई

आता तो खांब.

१९३० च्या दशकात जपानी अभ्यासक म्हणत होते की थांग काळातली लाकडी इमारत चीनमध्ये एकही उरलेली नाही, पाहायची असेल तर जपानमध्ये नारा इथे या. लियांग सचंग आणि लिन ह्वेईयिन या वास्तुतज्ज्ञ नवराबायकोला हे बोचत होतं. दुनहुआंगच्या त्या भिंतचित्राचे फोटो त्यांनी पाहिले होते. त्यात एका मठावर नाव होतं, फोगुआंग. तो मुख्य यात्रामार्गापासून लांब, कडेला. वर्दळीच्या मठांना श्रीमंत भक्त पुनःपुन्हा नवं करतात, मग आडबाजूच्या मठात जुनं टिकलं असेल, असा त्यांचा हिशेब. जून १९३७ मध्ये दोन सहकाऱ्यांसह खेचरावर बसून ते तिथे पोचले.

समोर सात खणांचं भव्य दालन, प्रचंड कौलारू छप्पर, त्याला पेलणारे माणसापेक्षा मोठे लाकडी टेकू. पाहताक्षणी जुनेपण कळत होतं, पण साल कसं ठरवायचं? ते छताच्या आतल्या माळ्यावर चढले. पायाखाली शतकांची धूळ, त्यात मेलेली वटवाघळं. जिवंत वटवाघळं हजारोंनी लटकलेली आणि त्यांच्या अंगावरचे ढेकूण. नाकातोंडाला फडकी बांधून ते तासन् तास मापं घेत होते, फोटो काढत होते. बाहेर आले की कपड्यांत, वह्यांत ढेकूण सापडायचे.

तिसऱ्या दिवशी लिन ह्वेईयिनला खालून एका तुळईवर शाईची पुसट अक्षरं दिसली. तिला लांबचं चांगलं दिसायचं. बाकी कुणाला काही दिसेना. मग परांची बांधून वर चढले, तुळई ओल्या फडक्यांनी पुसली. पाणी लागलं की अक्षरं उमटायची, सुकलं की मिटायची. हळूहळू एक नाव वाचता आलं. हे बुद्धमंदिर बांधून देणारी दात्री, राजधानीची उपासिका निंग गोंगयू.

लिन धावत अंगणात गेली. तिथे एक दगडी खांब उभा होता आणि त्यावरही हेच नाव होतं. खांबावर साल होतं, इ. स. ८५७. म्हणजे ८४५ च्या पाडापाडीनंतर बारा वर्षांत एका बाईने हे मंदिर पुन्हा उभं करून दिलं होतं. त्या खांबावर कोरलेला मंत्र होता उष्णीषविजया धारणी. तीच, जी आणायला बुद्धपाली काश्मीरकडून दोनदा चालत आला होता. दालनात बुद्धमूर्तींच्या रांगेच्या कडेला एका साध्या बाईची बसलेली मूर्ती आहे. तीच निंग गोंगयू, हेही त्यांना तेव्हा कळलं. १९३७ पर्यंत त्या बाईकडे कुणाचं लक्ष गेलेलं नव्हतं.

ते अजून त्या भागातच होते तेव्हा ७ जुलैला बीजिंगजवळ मार्को पोलो पुलावर गोळीबार होऊन जपानशी युद्ध पेटलं. डोंगरात बातमी पोचायला काही दिवस गेले. (पुढे १९५३ मध्ये वूताई तालुक्यातच नानचान मंदिराचं दालन सापडलं, इ. स. ७८२ चं. चीनमधली सगळ्यांत जुनी शिल्लक लाकडी इमारत तीच. लहान आणि आडगावी, म्हणून ८४५ मधून वाचली.)

युद्ध पेटल्यावर डोंगराला आणखी नवे रहिवासी मिळाले. न्ये रोंगझनच्या हाताखालची कम्युनिस्ट फौज वूताईच्या परिसरात उतरली आणि १९३७ च्या अखेरीस इथूनच जिन-छा-जी हा शत्रूच्या पिछाडीचा मुक्त प्रदेश आकाराला आला. वूताई तालुक्यातल्या सोंगयेनखौ गावात कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी सप्टेंबर १९३८ मध्ये आदर्श रुग्णालय उघडलं. जपान्यांनी ते लवकरच उद्ध्वस्त केलं. त्याच महिन्यात मुंबईहून पाच डॉक्टरांचं भारतीय पथक चीनकडे निघालं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस १९४० मध्ये याच जिन-छा-जी प्रदेशात पोचले, जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच गेले. बुद्धपालीनंतर सुमारे साडेबाराशे वर्षांनी आणखी एक भारतीय या डोंगररांगांत गेला आणि परतला नाही. कोटणीसांचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं. ते ज्या मुलखात गेले तिथे भारतातून येणाऱ्यांची वाट इतकी जुनी आहे, हे मला मात्र फार उशिरा कळलं.

आज

१९४८ च्या एप्रिलमध्ये माओ आपलं मुख्यालय हलवत असताना वूताईवरून गेले आणि एक रात्र पांढऱ्या स्तूपाच्या मठात राहिले. पुढे सांस्कृतिक क्रांतीत मूर्ती फुटल्या, भिक्षूंना हाकललं गेलं. १९८० नंतर मठ पुन्हा उघडले आणि २००९ मध्ये युनेस्कोने डोंगराला जागतिक वारसा ठरवलं.

पाचही शिखरांची पायी प्रदक्षिणा करणारे अजून आहेत. १८८२ मध्ये शूयुन नावाचा भिक्षू समुद्रकाठच्या फूथुओ बेटावरून निघाला आणि दर तीन पावलांना एक साष्टांग घालत १८८४ मध्ये वूताईला पोचला, आईवडिलांचं ऋण फेडायला. त्याच्या आठवणीने आजही काही जण तसेच चढतात, गुडघ्यांना जाड पट्ट्या बांधून. ज्यांच्याने होत नाही त्यांच्यासाठी दाईलुओ दिंग आहे. १,०८० पायऱ्या चढल्या की एकाच दालनात पाच शिखरांचे पाच मंजुश्री. छ्येनलोंगला खराब हवेमुळे शिखरं गाठता येईनात, म्हणून मठाधिपतीने ही सोय केली, असं सांगतात.

पण धुपाचा सगळ्यांत दाट धूर, सगळ्यांत लांब रांग वेगळ्याच दाराशी असते. थाईहुआईत वूये नावाचं एक लहानसं मंदिर आहे. वूये म्हणजे ‘पाचवे मालक’, नागराजाचा पाचवा मुलगा. शिळा परत मागायला आला आणि मंजुश्रींच्या पायाशी इथेच राहिला, अशी समजूत. लोक त्याला धंद्याचं, परीक्षेचं, मूलबाळ होण्याचं साकडं घालतात. त्याला नाटक आवडतं, म्हणून देवळासमोर रंगमंच आहे, तोंड देवाकडे. इच्छा पुरी झाली की माणूस पैसे भरून नवसाचा खेळ लावतो. नट तोंड रंगवून उभे राहतात, झांजा वाजतात आणि खेळ सुरू होतो. प्रेक्षक मधल्या अंगणात दाटीने उभे असतात, देवाच्या नजरेआड येणार नाही इतपत बाजूला सरून.